सोवळं रेशमाचं का, आणि त्यासाठी किडे खरंच मारतात का?

तुम्ही विचारलंय की पूजेला रेशमी सोवळं नेसायचं, ते पवित्र मानायचं, आणि तेच रेशीम म्हणे हजारो किडे जिवंत उकळून काढतात, तर हे खरं आहे का आणि असेल तर देवाला चालतं कसं. मी काही भटजी नाही. बीड जिल्ह्यात माझी दोन एकर तुती आहे, तिचा पाला घालून रेशमाच्या अळ्या वाढवतो आणि त्या स्वतःभोवती विणतात ते रेशीम कोष २०१७ पासून काढतोय, त्यामुळे पहिल्या अर्ध्याचं उत्तर पक्कं देतो आणि दुसऱ्या अर्ध्याचं मला जेवढं कळलं तेवढं.

हो, मारतात. उगाच गोल गोल फिरवत नाही.

फक्त ते माझ्या अळ्या वाढवायच्या शेडमध्ये होत नाही, माझ्याकडून कोष जिवंतच जातो. जालन्याच्या मार्केटला न्या नाहीतर कर्नाटकात रामनगरला न्या, पोत्यातला कोष कानाशी धरून हलवला की आत प्यूपा (अळीचा पतंग होण्याआधीचा किडा) खुळखुळ वाजतो, व्यापारीसुद्धा तसंच वाजवून बघतो. कोष बांधायला सुरुवात केल्यापासून पंधराएक दिवसांत त्यातून पतंग बाहेर पडणार असतो, म्हणून रीलिंगवाला, म्हणजे कोषातून धागा ओढणारा, कोष घेतला की वेळ घालवत नाही, वाफेने किंवा गरम हवेच्या ड्रायरने आतला जीव मारून कोष वाळवतो. मग गरम पाण्यात टाकले की वरचा डिंक सुटतो, ब्रशने टोक शोधतात आणि सात-आठ कोषांचे तंतू एकत्र करून एक धागा ओढतात. म्हणजे उकळत्या पाण्यात पडेपर्यंत किडा बहुतेक वेळा आधीच मेलेला असतो. यात तुमचं समाधान होईल असं मला वाटत नाही, पण आहे ते हे आहे.

मारायचं कारण एकच, धागा अखंड पाहिजे. एका कोषात साधारण हजार मीटरचा एकच सलग तंतू असतो. अळी दोन-तीन दिवस डोकं इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत तोंडातून तो सोडत राहते, मध्ये जेवण नाही काही नाही. आता पतंगाला बाहेर यायचं असेल तर तो तोंडातून एक रस सोडतो, कोषाचं एक टोक ओलं होऊन मऊ पडतं आणि त्याला भोक पाडून तो निघतो. झालं, तो कोष रीलिंगला बाद. सूत कातल्यासारखं कातून त्याचा धागा करता येतो पण ती चकाकी येत नाही. एका साडीचा हिशोब हवा असेल तर, सहा-सात किलो ओल्या कोषांतून एक किलो कच्चं रेशीम निघतं, किलोला साडेपाचशेच्या आसपास कोष बसतात, डिंक गेला की वजन पावेक कमी होतं, हे सगळं धरून अर्धा किलो रेशमाच्या साडीला दोन-अडीच हजार कोष लागतात. पैठणीत जरीचं वजन वेगळं.

आता सोवळ्याचं. तुम्ही सोवळं म्हणालात आणि मला हसूच आलं, कारण खरं कडक सोवळं बघायचं असेल तर माझ्या शेडमध्ये या. म्हणजे येऊ नका, मी आत घेणारच नाही. चप्पल बाहेर, हातपाय धुवायचे, दारात चुना आणि ब्लीचिंग पावडर टाकलेली असते त्यावरून आत, आणि पाहुणारावळा कोणी असो, नुसतं बघायचं असेल तर जाळीतून. तंबाखू खाणाऱ्याला तर अजिबात नाही. तंबाखू मळलेल्या हाताने पाल्याला हात लावला तरी अळीला बाधतं. आमचे वडील चाळीस वर्षं तंबाखू खायचे, दुसऱ्या वर्षी बॅच चालू असताना मीच त्यांना दारातून परत पाठवलं, दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. पण नंतर बॅच असली की डबी घरी ठेवून यायला लागले. महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाला माझी आजी रेशमी सोवळं नेसायची तेव्हा आम्हाला लांबूनच हाकलायची, तोच नियम, फक्त इथं शिवलं तर पुन्हा अंघोळ करून भागत नाही, पूर्ण बॅच जाते.

आणि ती गेलीसुद्धा. २०० अंडीपुंजांची (एक पुंज म्हणजे एका मादीची अंडी) बॅच होती, म्हणजे ऐंशी-नव्वद हजार अळ्या, कोष बांधण्याआधीच्या शेवटच्या अवस्थेचा चौथा दिवस. १०० अंडीपुंजांना टनाच्या आसपास पाला लागतो आणि त्यातला बहुतेक सगळा या शेवटच्या सात-आठ दिवसांत, रात्री शेडमध्ये उभं राहिलं की पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा चरचर चरचर आवाज येतो खाण्याचा. माझा पाला कमी पडला म्हणून बांधाकडच्या ओळी कापून टाकल्या, आणि शेजारच्या रानात तीन-चार दिवसांपूर्वी कपाशीवर फवारणी झालेली होती हे मी विचारलंच नाही. शेजाऱ्याची चूक नाही, त्याने त्याचं रान फवारलं, वारा माझ्याकडे होता. दीड-दोन तासांत तो आवाज बंद पडला. लाइट लावून बघतो तर अळ्या डोकी वर करून हलवतायत, तोंडातून हिरवं पाणी, अंग आखडून बोटभर अळी अर्धी झालेली. सकाळी खड्डा खणून चुना टाकून पुरल्या. बायको म्हणाली कोषात असत्या तर निदान कोणाच्या अंगावर तरी गेल्या असत्या. हे मी दोष झाकायला सांगत नाहीये, तुम्ही मारण्याचं विचारलंत म्हणून सांगितलं, माझ्या हातून एका रात्रीत जेवढ्या मेल्या तेवढ्यात तीस-पस्तीस साड्या झाल्या असत्या.

मग न मारता मिळतच नाही का? मिळतं. हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी पतंग उडून गेल्यावर राहिलेल्या कोषांपासून अहिंसा सिल्क काढलं, पेटंटही घेतलं. उडून गेल्यावर म्हणायची पद्धत, खरं तर तुतीच्या रेशमाचा पतंग उडतच नाही. हजारो वर्षं माणसाने पाळून पाळून त्याची अशी गत झालीय की पंख फडफडवत जागच्या जागी फिरतो, त्याला खायला तोंडही धड नाही, जोडी जमवायची, मादीने चार-पाचशे अंडी घालायची आणि आठवड्याभरात दोघं संपले. त्या अंड्यांचं काय करायचं हे मात्र अहिंसावाले फारसं सांगत नाहीत. त्यातून निघणाऱ्या सगळ्या अळ्या वाढवायच्या तर दोन-तीन पिढ्यांत अख्ख्या मराठवाड्यात तुती लावली तरी पुरणार नाही, म्हणजे त्या उपाशी मरणार. आसामचं एरी रेशीम वेगळं, तो किडा एरंडाचा पाला खातो आणि त्याचा कोष एका टोकाला उघडाच असतो, न मारता काढता येतो. पण तिकडे एरीचा प्यूपा आवडीने खातात, तेव्हा लेबलवर अहिंसा लिहिलंय म्हणून आतला जीव वाचलाच असं समजू नका.

राहिलं देवाला चालतं कसं. आमच्या हायस्कूलला संस्कृत शिकवणारे एक सर होते, रिटायर झाल्यावर एकदा शेड बघायला आले (जाळीतून), तेव्हा मी त्यांना हेच विचारलं होतं. ते म्हणाले अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, सरळ लिहिलंय, ‘कौशेयं कृमिकोशोत्थम्’, म्हणजे कौशेय वस्त्र किड्याच्या कोषातून येतं. म्हणजे जुन्या लोकांना माहीत नव्हतं असं नाही, पक्कं माहीत होतं. पण सोवळ्याचा मुद्दा हिंसेचा नव्हताच, मुद्दा विटाळाचा होता. सुती कापड रोज धुवून, कोणाचा हात न लागता वाळवलं तर सोवळं, आणि रेशीम, लोकर यांना तो नियम ढिला, एकदा नेसून घडी घालून ठेवलं तरी चालायचं. म्हणून लोकरीची धाबळीसुद्धा सोवळ्यात चालते. मला विचाराल तर यात सोयीचा भाग जास्त असावा, पावसाळ्यात रोज सुती कापड वाळणार कुठं. एवढं ऐकून सर म्हणाले तुझा किडा मात्र विटाळ मानतो, आणि खिशातली तपकिरीची डबी दाखवून दोन पावलं मागे सरकले.

तेव्हा मनाला पटत नसेल तर धुतलेलं सुती धोतर नेसून बसा, तेही सोवळंच आहे, कोणी गुरुजी उठवणार नाहीत. मी कोष विकून पोट भरतो तरी हे सांगतोय.

पण त्याआधी एक काम करा. तुमच्याकडचं सोवळं पूजासाहित्याच्या दुकानातून तीन-चारशे रुपयांना रेडिमेड घेतलेलं असेल तर त्याच्या काठाला सुटलेला एखादा दोरा काढा, चिमट्यात धरून काडी लावा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरली तर रेशीम. प्लास्टिकसारखं वितळून टोकाला कडक गोळी झाली तर पॉलिस्टर. खरं घ्यायचं असेल तर सिल्क मार्कचं लेबल बघून घ्या, केंद्रीय रेशीम मंडळाने ते २००४ पासून सुरू केलंय. पण त्या भावात खरं रेशीम बसतच नाही, त्यामुळे माझा अंदाज गोळीच होईल, आणि तसं झालं तर तुमच्या सोवळ्यापायी एकही किडा मेलेला नाही.