मुलीच्या रेषेत लिरिसिझम आहे म्हणतात, मग तिला घालायचं कुठे?

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला आणि सोबतचे तिन्ही फोटो मोठे करून बघितले. वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ऐरोलीच्या एका आईने लिहिलंय की मुलगी अकरावी सायन्सला आहे, कॉलेज ठाण्यात, गांधर्व मंडळाची गाण्याची मध्यमा परीक्षा पूर्ण झालीये, वहीत कविता लिहिते आणि रविवारी खाडीकडे जाऊन चित्रं काढत बसते. चित्रकलेच्या सरांनी तिची वही चाळली आणि म्हणाले, "हिच्या रेषेत लिरिसिझम आहे." बाबांना वाटलं सर तिला सिनेमाची गाणी लिहायला सांगतायत, त्यावरून घरात तीन दिवस धुसफूस. आईचा प्रश्न असा की लिरिसिझम म्हणजे नक्की काय आणि त्यावरून तिला गाण्याला घालायचं, साहित्याला की चित्रकलेला?

आधी बाबांना सांगा, सर गीतकार व्हायला सांगत नव्हते. प्राचीन ग्रीसमध्ये लायर नावाच्या तंतुवाद्यावर ज्या कविता गायच्या त्यांना लिरिक म्हणायचे, तिथून हा शब्द आला. आपल्याकडे त्याला भावगीत, भावकविता म्हणतात आणि तो गुण सांगायचा असेल तर गेयता किंवा भावगेयता. पण शब्दाने कधीच गाण्याचं घर सोडलंय. नॉर्वेच्या ग्रीग नावाच्या संगीतकाराने १८६७ ते १९०१ या काळात पियानोसाठी ६६ छोट्या रचना दहा भागांत छापल्या आणि त्यांना नावच लिरिक पीसेस दिलं, त्यात गायचा एक शब्द नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसमध्ये काही चित्रकारांच्या अमूर्त चित्रांना लिरिकल म्हणायला लागले, तिथे तर सूरही नाही. मग या सगळ्यात सारखं काय आहे?

मला जे कळलंय ते सांगते. कथा पुढे जाते, आपण विचारतो मग काय झालं. गेय गोष्ट पुढे जात नाही, ती एका क्षणापाशी थांबते आणि तो क्षण एका माणसाला जसा जाणवला तसा तुमच्यापर्यंत पोचवते, आणि महत्त्वाचं म्हणजे भावनेचं नाव न घेता, नुसत्या लयीतून पोचवते. बालकवींची औदुंबर शाळेत सगळ्यांना असते. आठ ओळी. झरा, गाव, शेतं, पायवाट, डोह आणि पाण्यात पाय टाकून बसलेलं झाड, बस. दुःख, एकटेपणा असा शब्द कुठे नाही आणि तरी वाचून झाल्यावर काहीतरी आत बसतं ते उठत नाही. गाण्यात तुमच्या मुलीला हे मींडेवरून लगेच कळेल, एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारली तरी स्वर तेच लागतात, पण मधल्या जागेतून सावकाश गेलं की ऐकणाऱ्याचा श्वास बदलतो. नोटेशन तेच, बंदिश तीच आणि तरी एकीच्या गळ्यातून ती बंदिश असते आणि दुसरीच्या गळ्यातून कुणीतरी वाट बघत असतं.

आता फोटोंकडे येऊ, कारण खरं उत्तर तिथे आहे.

पहिला फोटो कवितेचा. प्रामाणिकपणे लिहिते, रागवू नका. त्यात मन चार वेळा, अश्रू दोन वेळा आणि एकटी तीन वेळा आलंय. भावना खरी असेल, सोळाव्या वर्षी असतेच, पण ती सांगितलेली आहे, घडलेली नाही. तिसरा फोटो फ्लेमिंगोंचा. सुंदर, गुलाबी, नातेवाईकांना आवडेल असा. पण सुंदर असणं वेगळं आणि गेय असणं वेगळं, हे पक्षी मला कुठल्यातरी फोटोवरून उतरवल्यासारखे वाटले, तिने ते बघितलेत असं वाटलं नाही.

दुसरा फोटो मात्र मी कितीतरी वेळ बघत होते. ओहोटीला चिखलात रुतलेली होडी. नाळेपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, रेष जाड सुरू होते, होडीच्या पोटावरून बारीक होत जाते आणि दोर चिखलात शिरतो तिथे जवळजवळ संपतेच. चिखल तिने काढलाच नाहीये, कागद कोरा सोडलाय. सूर्यास्त नाही, उदास कोळी नाही, काही नाही, आणि तरी पाणी गेलंय हे कळतं आणि ते परत येईल याची वाट बघणंही कळतं. सर जे म्हणाले ते इथे आहे. सर बरोबर आहेत. गाण्याबद्दल मी काही बोलत नाही, रेकॉर्डिंग पाठवलं नाहीत ना तुम्ही.

पण ताई, लिरिसिझम हा गुण आहे, शाखा नाही, कुठलंच कॉलेज त्यावर ॲडमिशन देत नाही. मग लाइन ठरवायची कशी? माझ्या गाण्याच्या बाई आम्हाला नेहमी म्हणायच्या, भाव आणू नकोस, आधी सा लाव. तेव्हा वाईट वाटायचं, नौपाड्यातल्या त्या छोट्या खोलीत वर्षभर नुसते स्वर घोटले आणि मग एक दिवस न आणता काहीतरी आलं. त्यामुळे मी मुलांना तुला काय आवडतं असं विचारत नाही, आवडतं तर सगळंच. मी बघते की कुणी न सांगता कुठली गोष्ट परत परत करतात, कंटाळवाणी मेहनत कुठे सोसतात. कविता ती एकदा लिहून मिटवते, की खोडून परत लिहिते? तान बसली नाही तर तासभर बसते, की क्लास संपायची वाट बघते? आणि होडी किती वेळा काढली? हे तिला न विचारता नुसतं बघा, दोन-तीन महिने.

सायन्स मध्येच सोडू नका. बीएफएला, म्हणजे चित्रकलेच्या पदवीला, बारावी कुठल्याही शाखेतून चालते, चार वर्षांचा कोर्स आहे आणि महाराष्ट्रातल्या कॉलेजांसाठी सीईटी सेलची अप्लाइड आर्ट्स अँड क्राफ्ट्सची सीईटी असते. सीएसएमटीजवळचं जेजे हे कलेचं कॉलेज १८५७ सालचं, अमूर्त चित्रं काढणारे चित्रकार गायतोंडे १९४८ ला डिप्लोमा घेऊन तिथूनच बाहेर पडले, त्यांच्या कॅनव्हासवर ना माणूस ना गोष्ट, तरी लोक समोर गप्प उभे राहतात. जेजे आता अभिमत विद्यापीठ झालंय, म्हणून त्यांची प्रवेशाची पद्धत त्यांच्याच वेबसाइटवर त्या वर्षी तपासा. सीईटीत स्मरणचित्र, म्हणजे आठवणीतून काढायचं चित्र, असतं आणि इथे मला खरंच काळजी वाटते, काही क्लास मुलांकडून भाजी मार्केट आणि रेल्वे स्टेशन पाठ करून घेतात, सगळ्यांची तीच भाजीवाली, तोच हमाल. परीक्षेपुरता सराव करू दे, पण तिची रेष त्या साच्यात घालू देऊ नका, एकदा इस्त्री फिरली की ती परत आणायला फार वर्षं लागतात. मानवी आकृतीचं आणि वस्तुचित्राचं ड्रॉइंग मात्र तिने कडक शिकायला हवं, होडी चांगली आहे पण मागची वल्ही साफ चुकलीयेत.

गाणं बंद करू नका, मध्यमा झालीये तर विशारदपर्यंत जाऊ दे, वाशीला गांधर्व मंडळाचं संकुल तुम्हाला ट्रान्स हार्बरने जवळच आहे. ती रेष गाण्यातूनच आलीये असा माझा संशय आहे.

बाबांची पैशांची काळजी खरी आहे, तिला मी हलकं समजत नाही. नुसत्या पेंटिंगवर घर चालवणारे थोडे असतात. पण अप्लाइड आर्ट, पुस्तकांची इलस्ट्रेशन्स, ॲनिमेशन, टेक्स्टाइल, शिकवणं, ही कामं आहेत आणि इलस्ट्रेशनसारख्या कामात स्वतःची ओळखू येणारी रेष असणाऱ्याला लोक शोधत येतात. बाबांना तीच होडी एकदा शांतपणे दाखवा, समजावू नका काही.

आणि एक काम. पुढच्या रविवारी तिला त्याच होडीपाशी भरतीला पाठवा, मग परत ओहोटीला, दहा चित्रं होऊ देत. त्यातली फाडून टाकलेली टाकू नका, बाजूला ठेवा आणि मला आधी तीच पाठवा.