त्या गावात राहावंसं वाटणाऱ्या मुलीस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

‘द गिव्हर’ वाचून तू लिहिलंस, “बाई, खरं सांगू? मला त्या गावात राहायला आवडेल.” असं लिहायला धीर लागतो. बहुतेक मुलं ते जग वाईट आहे असं आधीच ठरवून मोकळी होतात. लोइस लोरी यांनी १९९३ साली आलेल्या या कादंबरीत ते जग मुद्दाम हवंहवंसं रचलं आहे. भूक नाही, युद्ध नाही, बाराव्या वर्षी प्रत्येकाला काम नेमून मिळतं. रात्री जेवण झालं की घरातला प्रत्येकजण दिवसभरात मनात काय आलं ते सांगतो आणि बाकीचे ऐकून घेतात. आपल्याकडे किती घरांत असं होतं?

तेव्हा ती इच्छा खोडून टाकू नकोस. ती घेऊनच पुस्तक पुन्हा वाच, आणि या खेपेला कादंबरीचा बारा वर्षांचा नायक जोनस, त्याच्या वडिलांवर नजर ठेव.

तान्ह्या बाळांना सांभाळणं हे त्यांचं काम. रात्रभर रडणाऱ्या गेब्रियलला आणखी मुदत मिळावी म्हणून ते खटपट करतात, त्याला घरी घेऊन येतात. आणि हाच माणूस जुळ्यांपैकी वजनाला कमी भरलेल्या बाळाच्या कपाळाच्या शिरेत सुई टोचतो, तेही लाडेलाडे बोलत. मग खोक्यात घालून त्याला टाकून देतो. गावाच्या भाषेत बाळ ‘मुक्त’ झालं. वडिलांच्या चेहऱ्यावर क्रौर्य नाही, कारण मरण म्हणजे काय याची आठवणच त्यांच्याजवळ नाही. जोनसला मात्र ते ओळखू येतं. जुन्या जगाच्या सगळ्या आठवणी गावासाठी एकटा सांभाळणारा म्हातारा, म्हणजेच ‘गिव्हर’, त्याने जोनसला आपला वारस म्हणून रणांगणावर मरणाऱ्या एका मुलाची आठवण दिलेली असते, आणि त्या प्रसंगाचं चित्रीकरण बघताना पडद्यावर त्या बाळाची हालचाल थांबते तेव्हा त्याला तोच चेहरा दिसतो. माझ्या मते सगळी कादंबरी या दृश्यावर उभी आहे. बाप प्रेमळ आहे, आणि तरीही त्याचा हात धरणारं त्याच्या आत काही उरलेलं नाही.

गावाचे वडीलधारे आठवणींचा उपयोग जाणतात, हेही बघ. लोकसंख्या वाढवावी का, असा प्रश्न आला की ते त्या एकट्या म्हाताऱ्याला विचारतात. त्याला उपासमार आठवते, म्हणून तो नको म्हणतो. शहाणपण सगळ्यांना हवं, दुखणं त्याने एकट्याने सोसायचं. जोनसच्या दहा वर्षं आधी याच वारशासाठी निवडलेली रोझमेरी पाचच आठवड्यांत स्वतःहून ‘मुक्त’ व्हायला गेली, तेव्हा तिच्याजवळच्या आठवणी गावभर पसरल्या आणि लोक सैरभैर झाले. ती पानं सावकाश वाच.

तुझा दुसरा मुद्दा होता की निवड हातात नसली तर चूकही होत नाही. जोनसही एका क्षणी तेच म्हणतो. निळा अंगरखा की लाल, एवढं तरी सकाळी स्वतः ठरवता यावं असं त्याला आधी वाटतं. पण जोडीदार किंवा काम निवडण्याचा विषय निघताच तो घाबरतो. त्याची भीती खरी आहे, तुझीही. तिला कुणी भित्रेपणा म्हटलं तर ऐकू नकोस. पण अंगरख्याचा रंग दिसण्यासाठी आधी रंग दिसायला हवेत, आणि ते त्या गावाने फार पूर्वीच सोडून दिले आहेत. निवडायला काही होतं, हेसुद्धा तिथे कुणाला माहीत नाही.

लोरींचे वडील म्हातारपणी विसरू लागले होते. तरुणपणी वारलेल्या थोरल्या मुलीचा फोटो ते ओळखत, पण तिचं काय झालं ते त्यांना आठवत नसे. दुःख पुसलं गेलं तर बरंच, हा मोह लेखिकेने इतक्या जवळून पाहिला होता. म्हणूनच ती तुझ्या इच्छेला हसत नाही, असं मला वाटतं.

नंतरची तीन पुस्तकं एवढ्यात हातात घेऊ नकोस. टेकडीवरून खाली जाणाऱ्या जोनसचं पुढे काय झालं, ते आधी तुझं तू ठरव आणि मला लिही.

तुझ्या,
बाई