चहा सोडला तरी आनंद का येत नाही?

जय ख्रिस्त भाऊ. तुझा प्रश्न दोनदा वाचला. उपवासकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस, सुरू झाला तसा तू चहा, मटण आणि रात्रीचा मोबाईल सोडलास, तीन आठवडे झाले, आनंद तर नाहीच उलट घरच्यांवर ओरडतोस, मग आत्मत्याग म्हणजे नुसतं मन मारणं का, असं विचारलंस. अर्धी चिडचिड तर चहाचीच आहे, डोकं धरत असेल, त्यात अध्यात्म शोधू नको.

बायबलमधे लूक 9:23 बघ. आत्मत्याग करून दररोज आपला वधस्तंभ उचलायचा. हे "दररोज" मत्तय आणि मार्कमधे नाही, लूकमधेच आहे, म्हणजे चाळीस दिवस काढले की सुटलो असं काम नाही हे. आणि नाही म्हणायचंय ते स्वतःला, चहाला नाही. चहा सोडताना "मी" जागेवरच बसलेला असतो, वर जरा फुगतो पण. कलस्सै 2:23 मधे प्रेषित पौल हेच म्हणतो, देहाला कष्ट दिले की दिसायला भारी दिसतं पण देहस्वभावाला लगाम लागत नाही.

माझंच सांगतो. 2013 चा दुष्काळ, आमचा जालना जिल्हा, मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी तोडून सरपण केलं. माझ्या बोअरला थोडं पाणी होतं, लाईट आली की तासभर चालायचं, आणि मला माझी झाडं वाचवायची होती. शेजारच्या वस्तीवर टँकरचा काही भरवसा नाही, बाया हंडे घेऊन यायला लागल्या तर मी स्टार्टरच्या पेटीला कुलूप लावलं. उपवासकाळच चालू होता, चहा बंद, मटण बंद, चर्चच्या मंडळीत सगळ्यांना माहीत. बायको एका सकाळी म्हणाली, "चहा सोडला म्हनता आन् पेटीला काऊन कुलूप लावता?" लई राग आला. दोन दिवस बोललो नाही तिच्याशी. तिसऱ्या दिवशी किल्ली तिच्याकडे दिली, तीही भक्तीने नाही, लाजेने.

निम्म्याच्या वर झाडं गेली. देवाने दुप्पट करून दिलं वगैरे मंडळीसमोर साक्षीत सांगतात तसं काही झालं नाही. वाळकी झाडं बघून जीव तुटायचा, पण संध्याकाळी बोअरवर हंड्यांचा गलका चालायचा तेव्हा मी तिथंच जाऊन बसायचो आणि रात्री झोप लागायची, महिन्यांनंतर. 2 करिंथ 6:10 मधलं "दुःखी तरी सर्वदा आनंद करणारे" मला तोपर्यंत नुसती भाषा वाटायची. फिलिप्पैकरांना "आनंद करा" लिहिणारा पौल सुद्धा कैदेतच होता ना.

तुझी गफलत इथंच होतेय बहुतेक. तू आधी त्याग करतोस आणि मग हजेरीचा पगार मागावा तसा आनंद मागतोस. मत्तय 13:44 मधला माणूस उलटा आहे. त्याला शेतात ठेव सापडते आणि आनंदाच्या भरात तो सगळं विकून ते शेत घेतो. आनंद आधी, विकणं नंतर. आपल्याकडं कोणी बैलजोडी, बायकोचे दागिने विकून माळरान घेतलं तर गाव येडं म्हणेल, पण त्याला तोटा वाटतच नाही कारण जमिनीत काय आहे ते त्याने बघितलंय. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 ला मिशनची पगाराची नोकरी सोडून संन्यास घेतला तो मला याच जातीचा वाटतो. म्हणून ख्रिस्त बघायला जास्त वेळ दे, सोडायच्या यादीला कमी. चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत हे माहितीये ना? तो येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून. आणि तू रविवारी पण तोंड पाडून बसत असशील!

एक मात्र नीट ऐक, खाली एका ताईंनी विचारलंय म्हणून पण. नवरा मारतो, सासरचे छळतात आणि कोणी म्हणतं हा तुझा वधस्तंभ आहे, सोस, तर ते चूक आहे, म्हणणारे चर्चचे पाळक असले तरी. योहान 10:18 मधे येशू म्हणतो माझा प्राण कोणी घेत नाही, मी होऊन देतो. हिसकावून घेतलेल्याला त्याग म्हणत नाहीत. ताई, आधी सुरक्षित ठिकाणी जा, माहेरी नाहीतर पोलिसात, बाकीचं नंतर बोलू.

आणि भाऊ, तू उद्या सकाळी चहा घे, घरच्यांसोबत बसून, आणि ज्याच्यावर ओरडलास त्याला आधी कप दे. मोबाईल बंदच ठेव, तो बरा निर्णय आहे. तुझी पेटी कुठली आणि कुलूप कुठं आहे ते मला इथून कळणार नाही, घरच्यांना विचार, त्यांना पक्कं माहीत असतंय.