खाडीतले मासे मेले तर तक्रार कोठे करावी, आणि नुकसानभरपाई मिळते का?

तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करावी आणि भरपाईसाठी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे जावे, हे आपणांस कोणीही सांगेल. माझ्या मते खाडीचे पाणी तपासणीसाठी केव्हा घेतले, यावरच पुढचे सारे ठरते.

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले खाडीकाठचे भोई. एका मे महिन्यात सकाळच्या ओहोटीला बोय आणि काळुंदर पोट वर करून तरंगू लागले, कुर्ल्या पाणी सोडून काठावर चढल्या आणि वडिलांच्या जाळ्याला तपकिरी, चिकट थर लागला. तक्रार लगेच गेली, परंतु पाण्याचा नमुना घेणारी माणसे दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तोवर दोन भरत्या खाडी धुऊन गेल्या होत्या आणि तिसरी चढत होती. अहवालात सर्व काही मर्यादेत निघाले, भरपाईचा विषय तेथेच मिटला आणि पावसाळ्यापूर्वी वडिलांनी होडी विकली.

औद्योगिक वसाहतीत नोकरी केलेले माझे थोरले मेहुणे आजही सांगतात की, उन्हाने पाणी तापले म्हणून मासे गुदमरले. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, हे खरे आहे. परंतु त्याच पाण्यात सेंद्रिय द्रव्यांनी भरलेले सांडपाणी सोडले, तर ते कुजवणारे जिवाणू उरलेला प्राणवायूही संपवतात, आणि नदी आटलेली असल्याने ते सांडपाणी पातळही होत नाही. ऊन दरवर्षी पडते, म्हणून तर उन्हाळ्यात सांडपाणी सोडणाऱ्याची जबाबदारी वाढते.

म्हणून मासे तरंगताना दिसताच, ओहोटी संपण्यापूर्वी, सांडपाण्याच्या तोंडाजवळचे आणि त्याच्या वरच्या अंगाचे पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत भरून बर्फात ठेवा, वेळ व जागा लिहा आणि प्राणवायू जागेवरच मोजण्याचा आग्रह धरा, कारण बाटलीत तो तसाच टिकत नाही. मेलेल्या माशांचा पंचनामा करून घ्या. अर्थात १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानुसार अधिकाऱ्यांनी घेतलेल्या सांडपाण्याच्या नमुन्याचा अहवालही कलम २१ ची रीत पाळली असेल तरच न्यायालयात पुरावा म्हणून चालतो, त्यामुळे तुमच्या बाटलीवर एकटीवर विसंबू नका. लवादाकडे भरपाईचा अर्ज साधारणपणे पाच वर्षांच्या आत करावा लागतो.

प्रत्येक वेळी दोष कारखान्याचाच असतो, असेही मी म्हणत नाही. वरच्या अंगाच्या पाण्यातही प्राणवायू तितकाच कमी निघाला, तर मेहुण्यांचे म्हणणे मी मान्य करीन; परंतु आमच्या खाडीत ते पाणी त्या सकाळी कोणी घेतलेच नाही.