लोकलएवढं लांब चर्च गेलं कुठे?

प्रश्न : मे महिन्यात आमच्या सोसायटीतले आम्ही सहा जण फ्रान्सच्या टूरवर गेलो होतो. बसवाल्याने मधेच क्लूनी नावाच्या छोट्या गावात उतरवलं आणि गाईड सांगायला लागला की हे एके काळी जगातलं सगळ्यात मोठं चर्च होतं. आम्हाला दिसला एक टॉवर, थोडं बांधकाम आणि मधून जाणारा रस्ता. आमचे मिस्टर म्हणाले, गंडवलं आपल्याला. खरंच गंडवलं का हो? आणि मठातल्या साधूंना एवढं मोठं चर्च हवं कशाला? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : नाही हो ताई, गाईड बिचारा खरंच बोलत होता. पुढचा मंडप धरून हे चर्च १८७ मीटर लांब होतं. आपल्या पूर्वीच्या नऊ डब्यांच्या लोकल आठवतात ना, जवळजवळ तेवढं, आणि छप्पर आतून साधारण ३० मीटरवर, म्हणजे दहा मजली बिल्डिंग. रोमचं आत्ताचं सेंट पीटर्स उभं राहीपर्यंत ख्रिस्ती जगात याच्याहून मोठं चर्च नव्हतं. याचा नकाशा क्रूससारखा, पण साध्या क्रूसला एकच आडवी भुजा असते तर इथे दोन होत्या, एक मोठी एक छोटी. तुम्ही जे पाहिलंत तो मोठ्या भुजेचा दक्षिणेकडचा तुकडा आणि त्याच्यावरचा अष्टकोनी टॉवर. आख्खा ताटवाटीचा संच गेला आणि एक चमचा राहिला असं समजा, त्या चमच्यावरून ताट केवढं असेल ते बघायचं.

आता एवढं मोठं कशाला. मठ सुरू झाला ९१० साली, अ‍ॅक्विटेनच्या विल्यम नावाच्या सरदाराने जमीन दिली आणि वर लिहूनही दिलं की इथे ना माझा हक्क ना दुसऱ्या कुठल्या राजाचा. इथल्या साधूंचं मुख्य काम काय, तर प्रार्थना, तीसुद्धा गाऊन. पहाटेच्या अंधारापासून झोपेपर्यंत दिवसाचे तास बांधलेले, दर थोड्या वेळाने सगळे चर्चमध्ये जमणार आणि गाणार, आपल्याकडे काकड आरतीपासून शेजारतीपर्यंत चालतं तसंच पण रोज आणि पाळी न बदलता. दगडी कमानीच्या छताखाली तो आवाज कसा घुमत असेल! गाभाऱ्याभोवतीच्या खांबांच्या माथ्यावर त्यांनी चक्क गाण्याचे आठ सूर-प्रकार माणसांच्या रूपात कोरले होते, ते दगड वाचलेत, तिथल्या जुन्या पिठाच्या कोठारात ठेवलेत. बसवाल्याने तिकडे नेलं नसेल तर मात्र गंडवलं म्हणा.

आणि प्रार्थना कुणासाठी, तर मेलेल्यांसाठी. आपल्या ठाण्यातले ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोक २ नोव्हेंबरला कबरींवर फुलं-मेणबत्त्या ठेवतात ना, तो दिवस पाळायला सुरुवात झाली ती याच मठात, ओडिलो नावाच्या मठाधिपतीने केली, सुमारे हजार वर्षांपूर्वी. म्हणजे सर्वपित्रीच म्हणा ना. राजेलोकांना वाटायचं की क्लूनीचे साधू आपल्या पितरांसाठी गातायत तर दिलेला पैसा वाया जात नाही. स्पेनच्या सहाव्या अल्फोन्सोने दरवर्षी सोनं पाठवायचं कबूल केलं, आणि असल्या सोन्याच्या भरवशावर ह्यूग नावाच्या मठाधिपतीने १०८८ मध्ये हे तिसरं चर्च काढलं, आधीची दोन पुरेनात म्हणून. १०९५ मध्ये पोप दुसरा अर्बन स्वतः येऊन मुख्य वेदीची स्थापना करून गेला, तो आधी याच मठातला साधू. (पुढच्याच महिन्यात त्याने पहिल्या धर्मयुद्धाची हाक दिली, तो विषय वेगळा.)

बांधकामाचं बोलायचं तर आपलं अंबरनाथचं शिवमंदिर डोळ्यापुढे आणा, १०६० चं, म्हणजे फार तर एका पिढीचा फरक. आपल्या शिलाहारांच्या कारागिरांनी दगडावर दगड थोडा थोडा पुढे सरकवत छत मिटवलं, सगळं वजन सरळ खाली. पण तसं केलं की मोकळी जागा जास्त मिळत नाही, खांब जवळजवळ लागतात. क्लूनीवाल्यांना शेकडो माणसं मावतील असा लांबलचक हॉल हवा होता म्हणून त्यांनी कमान लांबवत नेली, पण कमानीची खोड अशी की ती भिंतींना बाहेर ढकलते. अर्धगोल कमान जास्त ढकलते, टोकदार कमी, म्हणून त्यांनी टोकदार घेतली, पुढे गॉथिक शैलीच्या चर्चमध्ये जी सगळीकडे दिसते ती. तरी ११२५ मध्ये छताचा एक भाग कोसळलाच. परत बांधला, आणि ११३० ला रीतसर उद्घाटन.

मग गेलं कुठे? विकलं. फ्रेंच क्रांतीत मठ बंद झाला, १७९८ मध्ये व्यापाऱ्यांनी घेतला, मधून रस्ता काढला, सुरुंग लावले आणि १८२३ पर्यंत आरामात चिरे विकत बसले. नौपाड्यात जुना वाडा रीडेव्हलपमेंटला गेला की सागवानी खांब आणि दरवाजे आधी बाहेर पडतात, तसंच. उरलेल्या जागेत सरकारी घोड्यांचा तबेला आला. १९२८ पासून केनेथ कॉनन्ट नावाच्या अमेरिकन माणसाने वर्षानुवर्षं खणून पाया शोधला, म्हणून आज आपल्याला ही मापं तरी सांगता येतात. मिस्टरांना हे वाचून दाखवा.

प्रश्न : मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन चर्च पण असंच मध्ययुगातलं का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : नाही, ते पोर्तुगीज आल्यानंतरचं, फ्रान्सिस्कनांनी, म्हणजे सेंट फ्रान्सिसच्या पंथातल्या साधूंनी उभं केलेलं. पण गंमत म्हणजे फ्रान्सिस्कन लोक पोर्तुगीजांच्या खूप आधी, १३२१ मध्येच ठाण्यात येऊन गेलेत. हे क्लूनीसारखे मठात बसणारे नव्हेत, फिरते. चौघं जण होते, टोलेंटिनोचा थॉमस त्यांतला एक, आणि चौघांनाही इथे धर्मावरून मारण्यात आलं. थोड्याच काळाने ओडोरिक नावाचा त्यांच्याच पंथाचा इटालियन प्रवासी ठाण्याला आला, त्याने त्यांच्या अस्थी गोळा केल्या आणि जहाजाने पार चीनपर्यंत नेल्या.