सिपर पाण्यापुरता, दूध फुलपात्रातून

(या सदरात एका वाचकाच्या प्रश्नाला दुसरे वाचक आपल्या अनुभवातून उत्तर देतात.)

प्रश्न : माझा मुलगा 14 महिन्यांचा आहे. मी पुण्यात नोकरी करते, तो दिवसभर पाळणाघरात असतो. तिथल्या ताईंनी बजावलंय की प्यायला सिपरच द्या, भांड्याने सांडलवंड होते. आतापर्यंत तीन सिपर झाले. पहिला कडक चोचीचा, तो त्याने चावून चावून खरबरीत केला. दुसरा स्ट्रॉचा, त्यातून त्याला ओढताच येईना. तिसरा न सांडणारा, मऊ चोचीचा. तो त्याला इतका आवडला की आता हातातून सुटत नाही. रात्री दूध भरलेला सिपर तोंडात धरूनच झोपतो. जेवण दोन घासांवर आलंय. वजनाबद्दल डॉक्टरांची तक्रार नाही. सासूबाई म्हणतात, हे सगळं फेकून दे आणि फुलपात्राने पाज. बाकीच्या आयांनी काय केलं?
— एक आई, पुणे

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि मला आमच्या प्रयोगशाळेतली एक काचेची नळी आठवली. मी विट्याजवळ एका दूध संघात दूध तपासायचं काम करते, अकरा वर्षं झाली. माझी मुलगी आता चार वर्षांची आहे. ती 15 महिन्यांची असताना आमच्या घरी अगदी हेच चाललं होतं. तिसरा सिपर, न सांडणारा, रात्रंदिवस हातात.

एके दिवशी सकाळी सिपर धुताना आंबूस वास आला. कप चकचकीत होता. मी तो रोज ब्रशने घासत होते, रविवारी उकळतही होते. मग केसाच्या पिनेने झाकणातला व्हॉल्व्ह ओढून बाहेर काढला. नखाएवढा मऊ सिलिकॉनचा तुकडा, मधोमध बारीक चीर. चिरेच्या आतल्या घडीत करड्या रंगाचा बुळबुळीत थर होता आणि कडेला मोहरीहून बारीक काळे ठिपके. हा भाग निघतो हेच मला तोवर ठाऊक नव्हतं.

मी तो व्हॉल्व्ह डबीत घालून कामावर नेला. आमच्याकडे कच्च्या दुधाची एक साधी तपासणी असते. 10 मिली दुधात 1 मिली मिथिलीन ब्लू घालायचं आणि नळी 37 अंशांच्या पाण्यात ठेवायची. दुधात जितके जास्त जिवाणू, तितका तो निळा रंग लवकर उडतो, कारण ते दुधातला प्राणवायू संपवतात. पाच तास रंग टिकला तर दूध उत्तम, अर्ध्या तासाच्या आत उडाला तर वाईट. मी उकळून गार केलेल्या दुधाच्या दोन नळ्या लावल्या. एक तशीच ठेवली, दुसऱ्यातलं दूध आधी त्या व्हॉल्व्हवरून फिरवून घेतलं. पहिली नळी माझी कामाची पाळी संपेपर्यंत निळी होती. दुसरी तासाभरात पांढरी पडली. वर फक्त एक पातळ निळी रेघ राहिली, जिथे बाहेरची हवा लागते तिथे.

ही तपासणी कपासाठी बनवलेली नाही. जिवाणू कुठले, ते घातक की साधे, हे ती सांगत नाही. त्या आधीच्या आठवड्यात मुलीला जुलाब झाले होते, ते यामुळेच झाले असंही मी म्हणणार नाही. पण ज्या कपातून ती रोज रात्री पीत होती, तो रोज धुऊनही त्यातला हा भाग इतका अस्वच्छ होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवसापासून आमच्या घरी सिपरमध्ये दूध घातलं नाही. ताई, माझं मुख्य सांगणं एवढंच आहे. सिपर ठेवायचा तर ठेवा, पण फक्त पाण्यासाठी.

असं का होतं, तेही सांगते. न सांडणाऱ्या सिपरमध्ये जी चीर असते ती मूल जोराने ओढेल तेव्हाच उघडते, एरवी मिटलेली. म्हणून तो उलटा पडला तरी थेंब गळत नाही. पण पिऊन झाल्यावर चोचीत उरलेलं दूधही तिथेच अडकतं, आणि खोलीच्या उबेत दुपारपर्यंत नासतं. 1980 च्या दशकात अमेरिकेत रिचर्ड बेलँजर नावाच्या मेकॅनिकल इंजिनिअरने आपल्या लहान मुलाची सांडासांड थांबावी म्हणून असा कप बनवला. म्हणजे मुळात प्रश्न सांडण्याचा होता, पिण्याचा नव्हता. दूधबाटलीची जाहिरात करायला आपल्याकडे 1992 च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे बाटलीबद्दल आपण थोडे तरी सावध असतो. सिपर मात्र 'बाळाचा पहिला कप' म्हणून घरात येतो आणि काम बाटलीचंच करतो. मूल त्यातून घोट घेत नाही, ओढतं. कडक चोच जिभेच्या शेंड्यावर बसते, त्यामुळे जीभ वर उचलून गिळण्याचा सराव होत नाही. चार महिने सिपर वापरला म्हणून कुणी बोबडं होत नाही, एवढी भीती घेऊ नका. पण भांड्याने पिणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते वेगळंच शिकवावं लागतं.

आता रात्रीचं. ताई, मला सगळ्यात काळजी याची वाटते. झोपेत लाळ फार कमी सुटते, आणि दूध वरच्या पुढच्या दातांच्या मागे साचून राहतं. तोंडातले जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात आणि ते रात्रभर दातांवर राहतं. खालच्या दातांवर जीभ असते, त्यामुळे ते बरेचदा वाचतात. उद्या सकाळी मुलाला खिडकीपाशी मांडीवर आडवं घ्या, वरचा ओठ अलगद उचला आणि हिरडीलगत बघा. खडूने ओढल्यासारखी पांढुरकी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असू शकते. त्याच आठवड्यात दंतवैद्यांकडे जा, या टप्प्यावर दात सावरता येतो. माझ्या मुलीच्या एका दातावर अशी रेघ होती. दुधाचे दात पडणारच आहेत, असं मला त्या वेळी दोघांनी सांगितलं. पण ते दात सहा-सात वर्षांपर्यंत राहायचे असतात, आणि किडका दात दुखतो तेव्हा मूल जेवत नाही.

जेवण कमी होण्याचं कारणही बहुधा त्याच कपात आहे. एकदा मोजून बघा. 250 मिलीचा सिपर दिवसातून चार वेळा भरला की एक लिटर दूध झालं. वर्षानंतरच्या मुलाला दिवसाला 400 ते 500 मिली पुरतं. त्याहून जास्त गेलं की पोट भरतं आणि वरण-भात, भाजी, अंडं यांना जागाच उरत नाही. दुधात लोह नगण्य असतं, शिवाय जास्त दूध अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. वजन बरोबर असूनही मुलाच्या रक्तात लोह कमी असू शकतं, म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना हिमोग्लोबिन तपासायचं का ते विचारा. माझा पगार दुधावर चालतो, रोज शेकडो कॅनमधलं दूध मी हाताळते, दूध चांगलंच आहे असं मी मनापासून मानते. पण लिटरभर नाही.

आम्ही रात्रीचा सिपर असा सोडवला. जेवणानंतर मांडीवर बसवून फुलपात्रातून दूध, मग मऊ ब्रशने दात, त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, आणि नंतर काही मागितलं तर फक्त पाणी. पहिल्या रात्री ती दीड वाजता उठली आणि अडीचपर्यंत रडली. तिचे बाबा तिला खांद्यावर घेऊन गच्चीवर फेऱ्या मारत होते, मी दारात उभी राहून घड्याळ बघत होते. दुसऱ्या रात्री अर्धा तास. तिसऱ्या रात्री मधे उठली, पाणी प्यायली, झोपली. माझ्या जावेने दुसरी रीत केली. दर दोन दिवसांनी दुधात थोडं पाणी वाढवत नेलं, दहा-बारा दिवसांत सिपरमध्ये नुसतं पाणी उरलं. तिचा मुलगा रडला नाही. त्यात दिवस जास्त जातात आणि तोवर दातांना दूध लागत राहतं, म्हणून दातावर रेघ दिसली असेल तर माझी रीत, नसेल तर जावेची. आजारी असताना किंवा प्रवासात यातलं काहीच सुरू करू नका.

फुलपात्राबद्दल तुमच्या सासूबाई बरोबर आहेत. माझ्याही होत्या, आणि शिकवलं त्यांनीच. मी आधी चूक करत होते. भांडं भरून तिच्या तोंडाला लावायचे आणि तिरपं करायचे, मग ठसका. आईंनी माझ्या हातातून ते घेतलं, त्यात जेमतेम दोन घोट पाणी ठेवलं आणि काठ तिच्या खालच्या ओठावर नुसता टेकवला. पाणी ओठाला लागेल एवढंच भांडं कलतं केलं आणि थांबल्या. मुलीने स्वतः वरचा ओठ खाली आणला आणि पाणी आत घेतलं. "तू ओतू नकोस, तिला घेऊ दे," एवढंच म्हणाल्या. सुरुवात त्यांनी भाताच्या पेजेने केली, कारण घट्टसर पेज हळू येते आणि मुलाला घोट सांभाळता येतो. वेळ अंघोळीच्या आधीची, जागा मोरीपाशी, गळ्यात लाळेरं. सांडलं तर सांडलं. दोन आठवड्यांत ती दोन्ही हातांनी भांडं धरायला लागली, महिन्याभरात सांडणं निम्म्यावर आलं. फुलपात्र लहान घ्या, 60–70 मिलीचं, बाहेर वळलेल्या काठाचं. काठ धारदार नको.

(माझ्या आईने तिचं चांदीचं बोंडलंही आणून दिलं होतं, मी त्यातूनच दूध प्यायले होते. ते सुंदर आहे, पण त्याच्या तोटीत ब्रश जात नाही आणि आत काय साठलंय ते दिसत नाही. मी ते जपून ठेवलं आहे, वापरलं नाही.)

पाळणाघराच्या ताईंशी भांडू नका. एका वेळी सात-आठ मुलं, खाली फरशी, सांडलेल्या पाण्यावरून कुणी घसरलं तर जबाबदारी त्यांची. त्यांचं म्हणणं खोटं नाही. त्यांना सांगा, सिपर देते पण त्यात फक्त पाणी असेल. सकाळचं दूध घरून निघण्याआधी, संध्याकाळचं तुम्ही आल्यावर, मधल्या वेळी फळ किंवा घरचा खाऊ. एक विनंती आवर्जून करा : चोच तोंडात धरून त्याला पळू देऊ नका, बसूनच पाजा. आमच्या शेजारचा मुलगा सिपर तोंडात धरून उंबऱ्याला अडखळला, टाळूला टाके पडले.

विकत घ्यायचाच तर स्ट्रॉचा घ्या, व्हॉल्व्ह नसलेला. ओढता येत नाही म्हणता, ते शिकवता येतं. स्ट्रॉ पाण्यात बुडवा, वरचं टोक बोटाने दाबून उचला, खालचं टोक त्याच्या ओठांत ठेवा आणि बोट सोडा. थेंब तोंडात गेला की तो ओठ मिटतो. दिवसातून पाच-सहा वेळा हे करा, आठवड्याभरात बहुतेक मुलं स्वतः ओढायला लागतात. दुकानात कप उघडून बघा. प्रत्येक भाग सुटा होतो का, आणि प्रत्येक भोकातून पलीकडचं दिसतं का, एवढं तपासा. दिसत नसेल तर तिथे ब्रशही पोचणार नाही.

धुण्याची रीत संघातली सांगते, ती दुधाच्या कुठल्याही भांड्याला चालते. कधी सिपरमध्ये दूध गेलंच तर तो आधी कढत पाण्यात टाकू नका. उष्णतेने दुधातली प्रथिनं शिजून पृष्ठभागाला चिकटतात. संघात दुधाच्या पाइपांतूनही पहिलं पाणी कोमट सोडतात. कप रिकामा झाल्या झाल्या कोमट पाण्याने विसळा, मग सगळे भाग सुटे करून साबण आणि बारीक ब्रश, शेवटी गरम पाणी. आणि सुटेच वाळवा. ओला सिपर जोडून ठेवला की आत बुरशी धरते. पांढरा खरखरीत थर दिसला तर व्हिनेगर घातलेल्या पाण्यात तासभर ठेवा, तो दुधातल्या क्षारांचा असतो आणि आंबटाने सुटतो. काळे ठिपके दिसले तर मात्र घासत बसू नका, तो भाग टाका.

आणि तुमचा पहिला सिपर, चावून खरबरीत झालेला, तो अजून घरात असेल तर आजच टाका. त्या खाचा ब्रशने साफ होत नाहीत, आणि चावून सुटलेला तुकडा मुलाच्या घशात जाऊ शकतो.

— दूध संघात काम करणारी एक आई, विटा