घर पाहायला पावसात जा

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो काकूने आणि मी चष्मे लावून दोनदा पाहिले. इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड्स भागातला तो मधाळ दगड, दारावर चढलेला विस्टेरिया, माणूस आत बसेल एवढी जुनी चूल, डोक्यावर ओकच्या काळ्या तुळया. काकू तर पडद्यांचा रंग ठरवूनही मोकळी झाली. मी मात्र एजंटचा मजकूर वाचत होतो. 'कॅरेक्टर', म्हणजे जुनेपणाचा डौल, हा शब्द पाच वेळा आलाय. इथला एजंट विकणाऱ्याचा माणूस असतो, कमिशनही त्याच्याचकडून घेतो, एवढं ध्यानात ठेवून तो मजकूर पुन्हा वाच.

घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही. आम्हीही दोनशे वर्षांच्या विटांच्या घरात पंचवीस वर्षं काढलीत. पण पाहायला जाशील ती पावसात जा. जूनमधल्या उन्हात इंग्लंडमधलं कुठलंही घर सुंदरच दिसतं.

साधारण १९२०च्या दशकापासून इथे दुपदरी, मधे पोकळी असलेल्या भिंतींची चाल पडली. त्याआधीच्या भिंती बहुधा भरीव, चुन्यात बांधलेल्या. अशी भिंत पाऊस थोडा पिते आणि वारा लागला की सोडून देते. वाईला तुझ्या आजोबांच्या वाड्यात चुन्याचा गिलावा होता ना, तसंच हे. मी सिव्हिल इंजिनीअर, मला कळायला हवं होतं. पण सांधे भुसभुशीत झालेले पाहून एका कंत्राटदाराने सांगितलं, "सिमेंट भरून टाका, पुन्हा बघायला नको." भरलं. तिसऱ्या हिवाळ्यात आत कोंडलेलं पाणी गोठलं आणि विटांचे पापुद्रे सुटायला लागले. आत झोपायच्या खोलीत काळी बुरशी. ते सिमेंट छिन्नीने काढून पुन्हा चुना भरायला पहिल्या कामाच्या दुपटीहून जास्त पैसे गेले. आपल्याकडे फसवणाऱ्याला 'चुना लावला' म्हणतात; मला इथे सिमेंट लावलं.

म्हणून आधी बाहेरून फेरी मार. सांध्यांत राखाडी, टणक सिमेंट दिसतंय का? बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा वर आली आहे का? पन्हाळीतून पाणी भिंतीवर तर ओघळत नाही? आत गेल्यावर कपाटामागचा वास घे. सगळी खोली जुनाट आणि एकच भिंत ताजी रंगवलेली असेल, तर त्या भिंतीपाशी जरा जास्त वेळ उभी राहा. आणि ओल दिसली की भिंतीत रसायन टोचायला सांगणाऱ्यांपासून लांबच राहा. बऱ्याचदा पन्हाळ दुरुस्त केली आणि बाहेरची माती खाली घेतली तरी काम होतं. बँक करते ते मूल्यांकन, ती घराची तपासणी नव्हे. लेव्हल थ्री सर्व्हे, म्हणजे सगळ्यात सखोल तपासणी, करून घे, तोही जुन्या घरांत हात मळलेल्या सर्व्हेअरकडून.

मग कागद. हे घर ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून कायद्याने जपलेलं आहे. आणि फक्त दर्शनी भाग नाही. आतला जिना, दारं, तुळयासुद्धा. आधीच्या मालकाने परवानगी न घेता खिडक्या बदलल्या असतील, तर गुन्हा त्याचा, पण त्या पूर्ववत करण्याची नोटीस आजच्या मालकाला येऊ शकते, आणि तिला मुदतीचं बंधन नाही. त्यामुळे प्रत्येक बदलाचा परवाना माग. डागडुजीवर २० टक्के व्हॅट लागतो. परवानगीने केलेल्या फेरफारांना पूर्वी सूट होती, ती ऑक्टोबर २०१२ मध्ये गेली. सेप्टिक टँकचं पाणी थेट ओढ्यात जात असेल, तर ते आता चालत नाही. इथे काही जमिनींच्या मालकांवर गावच्या जुन्या चर्चच्या दुरुस्तीचा खर्चही येतो. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कॅंटलो गावात एका शेतजमिनीच्या मालकांवर चर्चच्या दुरुस्तीचा बोजा २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, कायम केला होता. २०१३ नंतर नियम बराच सैल झालाय, तरी वकिलाला विचार.

आता तुझ्याच घरची गोष्ट. कोथरूडच्या फ्लॅटवर बाबांनी तुझं नाव घातलंय ना? इथली पहिल्या घराची सवलत जगात कुठेही कधीच स्वतःचं घर नसलेल्यालाच मिळते, त्यामुळे ती विसर. शिवाय तुझ्या हिश्श्याची किंमत ४०,००० पौंड किंवा जास्त भरली, तर हे तुझं दुसरं घर धरलं जाईल. सध्याच्या दराने सहा लाख पौंडांच्या घरावर स्टॅम्प ड्यूटी २०,००० पौंड, आणि वर अधिभार ३०,००० पौंड. बाबांशी आजच बोल.

बयाणा देऊन सौदा पक्का, असं इथे नसतं. काँट्रॅक्ट्स एक्स्चेंज, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सह्या झालेल्या करारांची अदलाबदल, होईपर्यंत विकणारा दुसऱ्याची वाढीव बोली घेऊ शकतो, आणि तोवर सर्व्हे नि वकिलावर झालेला खर्च तुझा तुझ्यापाशी. आमचं एक घर असंच गेलं. काकू अजून त्या रस्त्याने जाऊ देत नाही.

शनिवारी पाऊस सांगितलाय. नऊ वाजता स्टेशनवर ये, गाडी मी आणतो. गमबूट घाल. टॉर्च आणि जमिनीचा उतार बघायला एक गोटी माझ्या खिशात असेल. घर आवडलंय हे तुझ्या चेहऱ्यावरच दिसतं, तेव्हा एजंटशी बोलायचं काम माझं.

काका